चार टायर, एक्याण्णव पानं

आमची गाडी घसरली हे खरं आहे, पण ती कुठेही धडकली नाही. सोसायटीत जे काही पसरलं आहे ते मी सुरुवातीलाच खोडून काढतो. त्या सकाळी कोणीतरी आवार धुतलं होतं, मी ब्रेक दाबला आणि गाडी ब्रेकला न जुमानता फाटकापर्यंत गेली. तिथे तिने चौकीदार श्यामलालची प्लॅस्टिकची खुर्ची हळूच मागे सारली आणि थांबली. खुर्चीत श्यामलाल नव्हता. तो खुर्चीत कधीच नसतो, त्यामुळे जीवितहानीचा प्रश्न उद्भवला नाही.

शेजारी बसलेली माझी बायको लतिका एवढंच म्हणाली, "टायर." मग ती उतरली, पुढच्या चाकापाशी वाकली, टायरवरून हात फिरवला आणि बराच वेळ काहीतरी बघत राहिली. "गुळगुळीत झालेत. चारही बदलायला हवेत. अहो, जरा ऐका..."

पण तोवर मी फाइल उघडायला वर गेलो होतो.

फाइल का, असं विचारणारा माणूस सरकारी नोकरीतला नसणार. मी भालचंद्र पाटणकर, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात खरेदी शाखेचा अवर सचिव. गेली सव्वीस वर्षं मी टाचणीसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतलेली नाही. आयुष्यात एकदाच माझा तोल गेला, आणि त्याचं फळ म्हणजे ही गाडी. पन्नाशीत माणसं गुडघ्यांचा डॉक्टर शोधतात, मी लालभडक गाडी घेतली. तशी ती घरगुतीच आहे, पाच माणसं आणि दोन सुटकेसा सहज मावतात. पण इंजिन टर्बो, सीटना लाल दोऱ्याची शिलाई आणि गियरच्या शेजारी एक बटण, ज्यावर 'स्पोर्ट' असं लिहिलेलं आहे. ते बटण मी सहा वर्षांत एकदाही दाबलेलं नाही. ते तिथे आहे, एवढंच मला पुरतं. आमच्या मयूर विहारातून ऑफिसला मी मेट्रोने जातो आणि गाडी रविवारी पुसतो.

लतिकाला ही गाडी कधीच पटली नाही. तिचा पुण्यातला भाऊ उन्मेष मात्र पहिल्या दिवसापासून गाडीवर डोळा ठेवून आहे. फोनवर माझी चौकशी करण्याआधी तो गाडीची करतो. खुर्चीच्या प्रसंगानंतर लतिकाने जेवताना निर्वाणीचं सांगितलं.

"पंधरा तारखेला आई येतेय. नव्या टायरांवर, याच गाडीतून तिला घरी आणलंत, तर गाडी राहिली. नाही तर उन्मेष येऊन घेऊन जाईल. तीन आठवडे आहेत, अगदी पुरेत."

"तीन आठवड्यांत खरेदी?" मी म्हणालो. "लतिका, आमच्याकडे पडदे घ्यायला चौदा महिने लागले."

"मग आईलाच विचारा ना. ती दहा मिनिटांत सांगेल."

हेच मला नको होतं. माझ्या सासूबाई, अलकनंदा शिर्के, एस.टी.च्या सातारच्या भांडारात एकतीस वर्षं होत्या, आणि टायरांचा सगळा साठा त्यांच्या ताब्यात असे. म्हणजे सगळ्या मराठी मुलखात टायर या विषयावर कोणाला विचारायचं, तर त्यांनाच. पण मीही खरेदीतला माणूस आहे. बाईसाहेबांनी आयुष्यभर बसचे टायर पाहिले, ही स्पोर्ट गाडी, असं मी म्हणालो आणि विषय मिटवला. सासूला टायर विचारणारा जावई मला व्हायचं नव्हतं, हे खरं कारण होतं.

फाइलवर पहिली नोंद करायची म्हणजे टायरची मापं हवीत. ती टायरच्या अंगावरच लिहिलेली असतात, पण जमिनीलगत. त्यासाठी आवारात सर्वांदेखत उकिडवं बसावं लागतं. माझी कन्या स्वानंदी खाली आलीच होती. तिचा जन्म दिल्लीतला, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीच्या गाडीत बसतं.

"बाबा, हट ना, मी फोटो काढते नीचे का. दोन सेकंद."

"मोबाइलचा फोटो फाइलला चालत नाही," मी म्हणालो. "साक्षांकित लागतो."

"यार बाबा," ती म्हणाली आणि गेली.

मग मला एक युक्ती सुचली. डिकीत स्टेपनी असते. डिकी कमरेच्या उंचीवर असते. मी डिकी उघडली, गालिचा उचलला, ताठ उभ्याने स्टेपनीवरचे आकडे व्यवस्थित उतरवून घेतले आणि पँटची घडी न मोडता वर आलो. दोनशे पाच, पासष्ट, सोळा. अवर सचिवाला शोभेल अशी पाहणी झाली होती.

आमची सोसायटी चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीतल्या मराठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी उभी केली. त्यातले बहुतेक आता निवृत्त आहेत, म्हणजे नोकरीतून. सवयीतून कोणीच नाही. खालच्या मजल्यावरचे सूर्यकांत घैसास लेखापरीक्षणात छत्तीस वर्षं होते आणि आजही भाजीवाल्याला आक्षेप काढतात. समोरचे रियाज इनामदार मूळचे सांगलीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही गोष्ट वेळापत्रकात बसवल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या हातात फाइल दिसताच दोघांचे चेहरे असे उजळले की मला त्यांना नाही म्हणवेना. संध्याकाळपर्यंत तीन सदस्यांची टायर खरेदी समिती स्थापन झाली. मीच अध्यक्ष होतो.

पहिली बैठक आमच्या दिवाणखान्यात झाली. इनामदारसाहेबांचं म्हणणं होतं की टायर जितका जाड तितका चांगला. घैसासांना जाड टायरचा पेट्रोलवर काय बोजा पडेल याची आकडेवारी हवी होती. मग असा मुद्दा निघाला की दिल्लीत पेट्रोल गाडीचं आयुष्य पंधरा वर्षं, आपल्या गाडीची सहा झाली, म्हणजे उरलेल्या नऊ वर्षांना किती टायर लागतील? यावर दीड तास चर्चा होऊन 'पुढील बैठकीत विचार करावा' असं ठरलं. लतिका पोह्यांच्या बशा ठेवताना म्हणाली, "साइज काय आहे ते माहीत आहे ना नीट?"

"पान तीन," आम्ही तिघेही एकदम म्हणालो.

"ते नाही विचारत मी. मी काय म्हणते..."

"वहिनी, जे असेल ते फाइलवर या," घैसास प्रेमाने म्हणाले. लतिकाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

त्यानंतर फाइल फिरू लागली. सकाळी ती घैसासांकडे जाई, दुपारी इनामदारांकडे, संध्याकाळी माझ्याकडे. मी 'मान्यतेसाठी सादर' लिहिलं की घैसास 'कृपया बोलावे' लिहीत. मी खाली जाऊन बोललो की ते म्हणत, हे लेखी हवं. इनामदारांनी मध्येच तीन पानी टिपण जोडलं, 'उन्हाळ्यात टायरमधील हवेचे वर्तन'. ते मला कळलं नाही, पण मी 'पाहिले' असा शेरा मारला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पानं साठ झाली आणि गाडी होती तिथेच, तशीच गुळगुळीत उभी होती. श्यामलालने खुर्ची गेटच्या पलीकडे हलवली होती.

आता मी मनातून धास्तावलो होतो. रविवारी गाडी पुसताना बॉनेटवर हात जरा जास्त वेळ राहिला. उन्मेष हिला पुण्याच्या खड्ड्यांतून हाकणार, तिच्या लाल सीटवर भेळ खाणार, आणि ते बटण, जे मी सहा वर्षं राखलं, ते तो पहिल्या चौकात दाबणार. मला खरंच वाईट वाटलं. माणसाने एकच वेडेपणा केलेला असेल तर तो तरी त्याच्याकडे राहावा.

मी जोर लावला आणि कोटेशनं मागवली. सर्वांत कमी दर निघाला द्वारकेतल्या एका दुकानाचा. मयूर विहार दिल्लीच्या एका टोकाला, द्वारका दुसऱ्या. घराजवळच नोएडापासून लक्ष्मीनगरपर्यंत टायरची शेकडो दुकानं आहेत, पण नियम म्हणजे नियम. इनामदारांनी लगेच वेळापत्रक आखलं. द्वारकेपासून विमानतळ जवळ. पंधरा तारखेला सकाळी दहाला दुकान, बाराला टायर तयार, एकला सासूबाईंचं विमान, तीनला घरी. समितीने टाळ्या वाजवल्या.

दुकानाचे मालक दहियाजी फोनवर म्हणाले, "सर, गाड़ी एक बार दिखा देते तो अच्छा रहता."

"सब कुछ परिशिष्ट में है," मी सांगितलं.

"वो कौन-सी जगह है सर?" दहियाजींनी विचारलं. मी त्यांना पान तीनची साक्षांकित प्रत कुरियरने पाठवली. त्यावर घैसासांचा शिक्का होता, 'मूळ प्रतीबरहुकूम'.

घैसासांनी शेवटची एक अट घातली. जुना माल निकाली काढल्याशिवाय नवा माल वापरात घेता येत नाही, हा साठ्याचा प्राथमिक नियम. तेव्हा आधी चारही जुने टायर उतरवायचे आणि ते कोणी परत वापरू नयेत म्हणून माझ्यासमोर आडवे कापायचे. मग त्याचा दाखला फाइलला लावायचा आणि त्यानंतरच नवे चढवायचे. मला यात काहीच वावगं वाटलं नाही, हे मी आज शरमेने सांगतो.

पंधरा तारखेला दहाला दहा मिनिटं असताना मी दुकानात हजर होतो, काखेत फाइल. दहियाजी हरयाणवी, देहाने भक्कम आणि स्वभावाने सोशिक. आमच्या पुढे चार गाड्या होत्या, त्यामुळे बाराच्या सुमाराला गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली, टायर रिममधून सुटले. मी नियमाप्रमाणे समोर उभा राहिलो.

"काटिए," मी म्हणालो.

"सर, पहले नया चढ़ा के देख लें?"

"नहीं. पहले पुराना कंडेम होगा."

दहियाजींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फाइलकडे पाहिलं आणि कटर चालवला. चार टायर चार जागी आडवे झाले. मी दाखला लिहिला, त्यांनी अंगठ्याएवढी सही केली. मग नवे टायर आले. दहियाजींनी एक उचलला, रिमवर धरला आणि तसेच थांबले.

"सर, ये सोलह का है. आपका रिम सत्रह का."

मी शांतपणे पान तीन उघडून दाखवलं. त्यावर सहा सह्या होत्या.

"काग़ज़ तो बढ़िया है सर," दहियाजी म्हणाले. "काग़ज़ पे चढ़ा दूँ?"

जुने टायर कापलेले. नवे बसत नाहीत. माझी लाल गाडी जॅकवर, चारही पाय काढून घेतल्यागत. द्वारकेच्या त्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता, आणि एका निवृत्त दिसणाऱ्या गृहस्थाने मला आपण कोणत्या मंत्रालयात, असं विचारलंसुद्धा. मी नाही असं सांगितलं. म्हणजे मंत्रालयात नाही, असं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचं विमान चक्क वीस मिनिटं आधी उतरलं होतं. एवढी वर्षं दिल्लीत काढली, माझं एकही विमान कधी आधी उतरलेलं नाही.

"भालचंद्रराव, मी बाहेर आले. कुठे आहात?"

मी खोटं बोलायचा विचार केला. पण तोंडातून निघालं ते असं, "आई, गाडीला चाकं नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "पत्ता सांगा."

अर्ध्या तासात टॅक्सी दुकानासमोर थांबली. सासूबाई उतरल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. थेट जाऊन कापलेल्या टायरपाशी पोचल्या, काठीवर भार देऊन वाकल्या आणि चष्मा न लावता वाचलं.

"दोनशे पंधरा, पंचावन्न, सतरा. तुम्ही नंबर कुठून उतरवला?"

"डिकीतून."

"स्टेपनीचा? ती एक इंच लहान दिलीय. पंक्चरपुरती. दाराच्या चौकटीवर चिठ्ठी आहे बघा, तिथेही लिहिलंय." मी बघितलं. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला खरोखरच चिठ्ठी होती. ते दार मी सहा वर्षं रोज नाही तरी दर रविवारी उघडतोय.

"खाली वाकून कोणीच बघितलं नाही?" त्यांनी विचारलं.

"समितीनं बघितलं."

"काय बघितलं?"

"फाइल," मी म्हणालो. याहून बारीक आवाजात मी माझ्या सचिवांशीही बोललेलो नाही.

आता त्या मला काय काय ऐकवतील याची मी तयारी केली. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पुड्यातला एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चाळीस टायर भलत्याच डेपोला पाठवले होते," त्या म्हणाल्या. "कागदावर बरोबर होतं ना. ट्रक माघारी आला तेव्हा भांडाराच्या मागे जाऊन रडले. लतिकाला हे माहीत नाही. सांगू नका."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ही बाई मला त्या क्षणी पहिल्यांदा आपली वाटली. मी पेढा खाल्ला आणि दहियाजींनाही दिला.

पुढचं सगळं दहा मिनिटांत ठरलं, लतिका म्हणाली होती तसंच. सासूबाईंचं हिंदी साताऱ्याच्या पलीकडे फारसं गेलेलं नाही, पण दहियाजींना त्यातला शब्द न् शब्द कळत होता. "ये कब का बना है? चार आकडे दिखाव. जुना नको, हा हटाव. ये आवाज करेगा?" त्यांनी चार टायर निवडले, प्रत्येकावर टिचकी मारली, प्रत्येक रिमवर स्वतः धरून बघितला आणि मगच चढवायला सांगितला. दहियाजींनी चुकीचे चार आनंदाने परत घेतले आणि माताजी, आप रोज़ आ जाया करो, अशी विनंती केली.

परतताना धौला कुआँच्या अलीकडे रस्ता थोडा मोकळा मिळाला. सासूबाईंनी गियरशेजारी बोट दाखवलं.

"हे कशाचं बटण?"

"ते... तसं काही नाही आई. वापरायचं नसतं ते."

"मग दिलंय कशाला?" म्हणाल्या आणि दाबलं.

गाडी गुरगुरली. डायल लाल झाले. माझी पाठ सीटला टेकली आणि टेकलेलीच राहिली. साधारण चारशे मीटर आम्ही असे गेलो की मी एवढा खूश कधी झालो ते मला आठवेना. मग सिग्नल लागला. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "बरी आहे की. उन्मेषला काय करायचीय?"

घरी पोचलो तर फाटकावर स्वागत समितीच उभी होती. घैसास, इनामदार, स्वानंदी आणि हातांची घडी घातलेली लतिका. श्यामलाल खुर्ची उचलून उभा होता.

"आई, विमानतळावर वेळेवर आले होते का हे?" लतिकाने विचारलं.

"गाडीतून आले. नवे टायर आहेत," सासूबाई म्हणाल्या. यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी त्यांच्या पाया पडणार होतो, पण घैसासांनी फाइलसाठी हात पुढे केला.

"नव्वद पानं झाली. आता बंद करू या. ऑर्डरमधला आकडा आणि बसवलेला आकडा जुळतो असा एक दाखला हवा." त्यांनी वाकून... नाही, वाकले कुठले, लांबूनच विचारलं, "काय आकडा आहे?"

पान तीनवर सोळा, चाकावर सतरा, आणि शेजारी लतिका. मी काही बोलणार इतक्यात सासूबाईंनी फाइल घेतली, बॉनेटवर ठेवली आणि एक्याण्णवाव्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहिले. बरोबर आहे.' खाली सही, तारीख आणि 'भांडारपाल (सेवानिवृत्त)'.

घैसासांनी ते दोनदा वाचलं. छत्तीस वर्षं आक्षेप काढणारा माणूस, पण त्याने पेनला टोपण लावून टाकलं. "या फाइलीत हे शब्द पहिल्यांदाच आलेत," ते हळूच म्हणाले.

लतिका जवळ आली. तिने ते पान वाचलं, मग चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोनशे पंधरा, पंचावन्न, सतरा," ती म्हणाली. न वाकता, तिथूनच, पाठ असल्यासारखं.

"तुला कसं माहीत?"

"गाडी घसरली त्याच दिवशी वाचलं होतं मी. भांडारपालाची मुलगी आहे. तेव्हा सांगत होते, तुम्ही वर गेलात. पोहे देताना सांगत होते, तर घैसास म्हणाले फाइलवर या." तिने बॉनेटवर हात टेकवला. "गाडी ठेवा. मलाही आता जरा बरी वाटायला लागलीय. पण मला एकदा विचारलं असतंत, अहो."

मी बॉनेटवरची फाइल ओढली, पेन काढलं आणि ब्याण्णवावं पान सुरू केलं. 'यापुढील प्रत्येक खरेदीपूर्वी लतिकाशी बोलावे.' खाली सही केली.

इनामदारांनी आपल्या बायकोच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, 'सहमत.' घैसासांनी लिहिलं, 'सहमत. आधीच व्हायला हवे होते.'